मोठ्याने वाचायचं पत्र

॥ श्री ॥

नाचणगाव, दि. ३ ऑक्टोबर १९५५

तीर्थस्वरूप अण्णा यांस,
सुमित्राचा शि. सा. न. वि. वि.

आई आज सकाळच्या गाडीने भैयाजींबरोबर निघते आहे. भैयाजी म्हणजे यांचे चुलतभाऊ. त्यांना हिंगणघाटला काम आहे, ते तिला तुमच्या दारापर्यंत आणून सोडतील. पत्र तिच्याच पिशवीत ठेवलं आहे. आधी आईला पाणी द्या, मग पत्र फोडा. तुमचा क्रम उलटा असतो, म्हणून लिहिते.

दोन महिन्यांपूर्वी ती आली तेव्हा तिच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि चार पायऱ्या चढली की धाप लागायची. आता सूज पार उतरली आहे. डॉक्टर म्हणाले की हृदय थकलं होतं, त्याला या गोळ्यांनी बळ आलं. बाटलीत पन्नास गोळ्या आहेत. उद्यापासून रोज सकाळी न्याहारीनंतर एक गोळी द्यायची. शनिवारी आणि रविवारी अजिबात द्यायची नाही. हे काम मंदा वहिनींनीच करावं. तुम्ही शाळेच्या नादात विसराल. डॉक्टर आणखी एक-दोन गोष्टी बोलले, त्या भेटीत सांगेन.

पत्र तुम्ही ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवालच, म्हणून आईलाही इथेच सांगते. आई, गोळी तोंडात धरून मागच्या दाराने थुंकायची नाही. मला सगळं कळतं.

हे दारूगोळ्याच्या डेपोत नेहमीप्रमाणे रुजू आहेत आणि मजेत आहेत. वहिनींना नमस्कार. आमच्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नये.

आपली,
सुमित्रा


॥ श्री ॥

मु. पिंपळझरी, पो. समुद्रपूर
दि. १४ ऑक्टोबर १९५५

चि. सौ. सुमित्रा हीस,
अण्णाजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आई सुखरूप पोचली. पाणी आधी दिलं, पत्र मागून फोडलं. ओसरीवर वाचून दाखवलं तेव्हा शेजारचे नत्थूजी आणि आनंदाबाईही होते. थुंकण्याचं वाक्य वाचलं तसे सगळे हसले आणि आई माझ्यावरच रागावली, जणू ते मीच लिहिलं होतं.

तिची तब्येत पाहून गाव थक्क झालं आहे. जाताना बैलगाडीत गाद्या घालून नेलेली बाई आता वावराच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत चालत जाते आणि मजुरांच्या चुका काढून येते. गोळी तुझी वहिनी वेळेवर देते. फक्त शनिवार-रविवारची गोष्ट आईला पटलेली नाही. "गोयी काय सरकारी नोकरीत हाये? ऐतवारी जीव सुट्टीवर जाते का?" असं ती विचारते. मी मास्तर असून याचं कारण मलाही ठाऊक नाही. तुझ्या वहिनीलाही ते थोडं पटल्यासारखं दिसलं.

कापूस फुटू लागला आहे. प्रभाकररावांना नमस्कार. पत्र पाठवण्यात आळस नसावा.

तुझा,
अण्णाजी


॥ श्री ॥

नाचणगाव, दि. २१ ऑक्टोबर १९५५

तीर्थस्वरूप अण्णा यांस,
सुमित्राचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. शनिवार-रविवारचं आईला सांगा, की डॉक्टरांनी सांगितलं आहे, तेव्हा त्यात वाद नाही. तुम्हाला तरी विद्यार्थी प्रत्येक गोष्टीचं कारण कुठे विचारतात?

आई पोटभर जेवते ना? तिला अन्नाचा कंटाळा तर नाही आला? आणि तिची नजर कशी आहे? सहज विचारते. तिला सुई ओवता येते का, तेही कळवा. पत्र लांबवू नका.

दसऱ्याला यायचं मनात होतं, पण यांना रजा नाही. इथे दिवस जातात. आई दोन महिने राहून गेली, तिच्या खाटेची जागा अजून तशीच मोकळी ठेवली आहे. वहिनींना नमस्कार सांगावा आणि आमची आठवण ठेवावी.

आपली,
सुमित्रा


॥ श्री ॥

पिंपळझरी, दि. ३१ ऑक्टोबर १९५५

चि. सौ. सुमित्रा हीस,
अण्णाजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आईला कावीळ झाली आहे. घाबरू नकोस, उपाय चालू आहे.

आधी तिची भूक गेली. वरणाच्या फोडणीचा वास आला तरी उलटी येते. मग तिला सगळं पिवळं दिसू लागलं. भिंत पिवळी, भाकरी पिवळी, दिव्याभोवती पिवळं कडं. परवा तिला धुऱ्यावर नेलं तर फुटलेला कापूस पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णा, अख्ख्या वावराले हयद लागली रे." बोलताना हसत होती. तू नजरेचं विचारलंस म्हणून एवढं लिहिलं. सुई मात्र ओवता येत नाही.

जंगलाकडच्या टोल्यावरच्या वस्तीत गोमाजी राहतात, ते कावीळ उतरवतात. त्यांना घेऊन आलो. त्यांनी तिचे डोळे पाहिले, नखं पाहिली आणि जरा कुरकुर केली. पण पिवळं दिसतं म्हणजे दुसरं काय असणार, असं मी म्हटल्यावर त्यांनी मुळीची माळ करून डोक्यावर ठेवली. पोट साफ व्हावं म्हणून मी घरचं एरंडेल दोनदा दिलं. तेलतिखट बंद आहे, नुसत्या ताकावर ठेवली आहे. अशक्तपणा बराच आला आहे, पण कावीळ म्हटली की तो येतोच.

गोळी मात्र एकही चुकवलेली नाही. तेवढी काळजी तू करू नकोस.

तुझा,
अण्णाजी


नाचणगाव, दि. २४ नोव्हेंबर १९५५

तीर्थस्वरूप अण्णा यांस,
सुमित्राचा नमस्कार.

हे पत्र घरच्या नाही, शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. एकट्याने वाचा.

आई जाऊन आज वीस दिवस झाले. तेरावं होईपर्यंत मी तुमच्याकडे होते. भाकऱ्या थापल्या, आल्यागेल्याला पाणी दिलं, आईची लुगडी घडी करून ठेवली. रडले नाही. आनंदाबाईंनी वहिनींना विचारलं म्हणे, की पोरगी रडत काऊन नाई. मलाही ठाऊक नाही. परत आले तरी तसंच आहे. दूध उतू जातं आणि मी बघत उभी असते. हे दोनदा हाक मारतात तेव्हा मला एकदा ऐकू येते. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, आपला असून आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं आहे. दुःख झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. काही होतच नाही.

आता लिहायचं ते लिहिते. तुमचं कावीळ झाल्याचं पत्र मला शुक्रवारी, चार तारखेला, दुपारी मिळालं. मी अर्ध्यातूनच उठले आणि पुलगावच्या तारघरात गेले. गोळी ताबडतोब बंद करा, डॉक्टर आणा, अशी तार केली. त्याच दुपारी आई गेली. तार तुम्हाला दुसऱ्या दिवशी मिळाली असणार. इतक्या दिवसांत तुम्ही त्या तारेबद्दल एक शब्द काढला नाही. मला इथे बसून काय कळलं, हे विचारलं नाही. मीही बोलले नाही. घरात माणसं होती, असं मी स्वतःला सांगत राहिले. शेवटच्या दिवशी तर आपण दोघंच बैलगाडीत होतो.

मला कळलं, कारण मला आधीपासून ठाऊक होतं. डॉक्टरांनी सप्टेंबरातच समोर बसवून सांगितलं होतं. ही गोळी गुणकारी आहे पण तिचा गुण आणि तिचं विष यांत अंतर थोडं आहे. ती शरीरात साठत जाते, म्हणून दोन दिवस सोडायचे. भूक मेली, उलटी आली, सगळं पिवळं किंवा हिरवट दिसलं, दिव्याभोवती कडं दिसलं, तर गोळी तिथेच थांबवायची आणि त्याच दिवशी दाखवायला आणायचं. त्यांनी हे दोनदा सांगितलं. मी मान डोलावली.

पत्रात लिहिलं नाही, कारण तुम्ही पत्र ओसरीवर वाचता आणि आई ऐकत असते. तुम्हाला आठवत असेल, हिवतापात कंपाउंडरने तिला सांगितलं होतं की कोयनेलने कान वाजतात. "कान वाजवणाऱ्या गोया मले नाई पायजे" म्हणत तिने सगळ्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या आणि महिनाभर तापली. या गोळीत विष आहे एवढं तिच्या कानावर पडलं असतं, तर तिने बाटली विहिरीत टाकली असती. सूज परत आली असती. मला ते नको होतं. म्हणून जेवढं गोड तेवढं लिहिलं आणि बाकीचं भेटीवर ढकललं. मग भीती वाटली, तेव्हा भूक कशी, नजर कशी, असं आडून विचारलं. तुम्हाला कसं कळणार होतं?

शाळेच्या पत्त्यावर वेगळं पत्र टाकता आलं असतं. हे मला तेराव्याच्या पंगतीत, वाढता वाढता सुचलं. हातात पळी होती. पुढच्या पानावर वाढायचं राहिलं, एवढंच आठवतं.

तुम्ही रागावलात तरी चालेल. फक्त उत्तर पाठवा.

सुमित्रा


पिंपळझरी, दि. ३ डिसेंबर १९५५

चि. सौ. सुमित्रा हीस,
अण्णाजीचा आशीर्वाद.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत आलं. वाचून खिशात ठेवलं आणि मुलांकडून सोळाचा पाढा म्हणून घेतला. घरी येऊन जेवलो. तू लिहितेस तसंच माझंही आहे. सकाळी आईसाठी पाणी तापवायला सांगतो, मग आठवतं, मग पाणी तापलंच आहे तर मी अंघोळ करतो.

तार शनिवारी दुपारी मिळाली. आम्ही राख सावडायच्या तयारीत होतो. मी ती दोनदा वाचली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. तुला काहीतरी ठाऊक होतं, हे तेव्हाच समजलं. तुला विचारलं नाही, कारण तुला विचारलं असतं तर तू मलाही काही विचारलं असतंस. तुझ्यावर रागावायचं म्हटलं तर ते माझ्याने होत नाही. का, ते खाली लिहितो.

तू पाठवलेल्या बाटलीत अठरा गोळ्या उरल्या. शनिवार-रविवार सोडले असते तर सव्वीस उरल्या असत्या. मी तुझ्या वहिनीला विचारलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली की सासूबाई हात पुढे करायच्या, ज्या गोळीने माणूस उठून चालू लागलं ती दोन दिवस न देणं तिला पाप वाटायचं. द्यायची नाही असं तू लिहिलं होतंस. पण का नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिला दोष दिला नाही. तेव्हापासून ती रविवारी जेवत नाही.

गोमाजींनी कुरकुर केली, एवढंच मी तुला कळवलं होतं. ते काय बोलले ते कळवलं नाही. ते म्हणाले होते, "हे कावीळ नोहे, गुरुजी. डोये पांढरे हायेत, नखं पांढरी हायेत. तुमी डाक्तरले दाखवा." मुळीची माळ करायलाही ते तयार नव्हते. मी मास्तर, ते जंगलातले. मी त्यांना कावीळ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. शेवटी त्यांनी माझ्या शब्दाखातर माळ बांधली आणि तांदूळही न घेता निघून गेले.

आणखी एक आहे. ते लिहायला तीन दिवस लागले. आईला पहिल्यांदा पिवळं दिसलं तो रविवार होता, तेवीस तारीख. तिने मला त्याच सकाळी हाक मारून सांगितलं, "सुमीले लिव, सारं पिवयं दिसून राह्यलं म्हणून. तिले डाक्तर ठाऊक हाये." मी हो म्हणालो. तुला उगाच घोर नको, कावीळ उतरली की एकदमच कळवू, असा विचार केला. पत्र एकतीस तारखेला टाकलं. आठ दिवस ती रोज विचारायची, लिवलं का. मी रोज हो म्हणायचो.

जिच्यापासून तू लपवलंस, तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आपण दोघांनी तिला लहान मूल समजलं. तुला मी क्षमा करायची की तू मला, हे मला ठरवता येत नाही. तेव्हा ते राहू दे.

आता कामाचं. शेजारच्या नत्थूजींच्या पायांवर सूज आली आहे. आनंदाबाई आल्या आणि म्हणाल्या की तुमच्या आईच्या, देवकाबाईंच्या गोया उरल्या असतीन तं आमाले द्या, तुमाले आता काय उपेग. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मी बाटली दिली नाही, संडासाच्या खड्ड्यात रिकामी केली. नत्थूजींना बैलगाडीत घालून हिंगणघाटच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून त्याच गोळ्या दिल्या. डॉक्टर भराभर बोलले, खोलीत गर्दी होती, नत्थूजी नुसते हो हो करत होते. आता आनंदाबाई मला विचारतात, गुरुजी, काय पाहाचं, काय नाई. मला अर्धंच येतं.

तुला डॉक्टर जे जे बोलले ते सगळं लिहून पाठव. काही गाळू नकोस. घरच्या पत्त्यावर पाठव.

तुझा,
अण्णाजी


॥ श्री ॥

नाचणगाव, दि. ११ डिसेंबर १९५५

तीर्थस्वरूप अण्णा यांस,
सुमित्राचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राचा शेवटला भाग मी आधी वाचते. मधला भाग एकदा वाचला, पुन्हा वाचला नाही. वहिनींना सांगा की रविवारी जेवावं. त्यांनी नको ते केलं असेल, पण कारण सांगायचं काम माझं होतं, ते मी सोडून दिलं.

काल पुलगावला डॉक्टरांकडे गेले होते. माझ्या आठवणीवर सोडायचं नाही असं ठरवलं होतं. वही घेऊन बसले आणि त्यांच्याकडून एकेक गोष्ट लिहून घेतली. आईचं काय झालं ते सांगितलं.  मी विचारलं, पेशंटला सगळं सांगितलं आणि तो भिऊन गोळ्या टाकून बसला तर? ते म्हणाले, "भ्यालेला माणूस विचारायला तरी येतो, बाई. ज्याला काही ठाऊकच नाही, तो कशासाठी येईल?" मी वही मिटली आणि घरी आले.

आता पुढचं नत्थूजी आणि आनंदाबाईंसाठी आहे.

नत्थूजी, ही गोळी हृदयासाठी आहे. तिला डिजिटॅलिस म्हणतात. डॉक्टरांनी तुम्हाला जितकी सांगितली तितकीच घ्यायची. आमच्या आईला पाच दिवस घेऊन दोन दिवस सोडायला सांगितलं होतं. तुमचं वेगळं असू शकतं, तेव्हा अण्णांनी डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा वाचून बघावी, आणि वाचता आली नाही तर परत जाऊन विचारावं. सोडायचे दिवस सांगितले असतील तर ते सोडायचेच. गोळी अंगात साठते, ते दिवस ती निघून जायला लागतात. बरं वाटतं म्हणून जास्त घ्यायची नाही. एखाद्या दिवशी राहून गेली, उपवासाने किंवा विसरून, तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. तुमची गोळी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही आणि दुसऱ्याची तुम्ही घ्यायची नाही, पाय सारखेच सुजलेले असले तरी. जुलाबाचं औषध, एरंडेल, झाडपाला, काहीही घ्यायचं झालं तर आधी डॉक्टरांना विचारायचं. एरंडेलाने अंगातली ताकद जाते आणि गोळीचं विष वाढतं.

गोळीच्या आधी रोज नाडी मोजायची. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं ठेवून. पूर्ण एक मिनिट. साठच्या खाली आली, किंवा अडखळत चालली, तर त्या दिवशी गोळी न घेता डॉक्टरांकडे जायचं. अण्णांकडे शाळेचं घड्याळ असतं. ते रोज सकाळी त्यांच्या खुंटीवर टांगलेलं असतं, आई होती तेव्हाही असायचं. अण्णा, शाळेत जाताना नत्थूजींच्या दारात थांबत जा.

आणि हे नीट ऐका. जेवणावरची वासना गेली, मळमळ झाली, उलटी आली, डोकं भ्रमिष्टासारखं झालं, वस्तू पिवळ्या किंवा हिरवट दिसल्या, दिव्याभोवती कडं दिसलं, तर ती गोळीची खूण आहे. ती कावीळ नाही. पुढची गोळी घ्यायची नाही. त्याच दिवशी बैलगाडी जुंपायची. वावरात कितीही काम असो.

एवढं सगळं ऐकून गोळ्या टाकून देऊ नका. आमची आई याच गोळ्यांनी उठून चालली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिला एकच सांगितली.

अण्णा, हे पत्र ओसरीवर, नेहमीच्या जागी बसून, मोठ्याने वाचा. आनंदाबाईंना बोलवा, वहिनींना चुलीपासून उठवून आणा. गोमाजी येत असतील तर त्यांनाही निरोप द्या. नत्थूजी समोर बसलेले असले पाहिजेत. ते घाबरतील. घाबरू द्या. घाईने वाचू नका, आणि कुठलं वाक्य गाळू नका.

मला अजून रडू आलेलं नाही. आलं की कळवीन. तुमच्या लोभावरच उभी आहे, तो असू द्यावा.

आपली,
सुमित्रा

ता. क. नत्थूजींना पिवळं दिसलं तर मला पत्र लिहीत बसू नका.